मे महिन्याचं सिमेंट

सुनीतीचा हात भेगेत मनगटापर्यंत गेला, तेव्हा धावजी मिस्त्री मागून ओरडला, "हात काढा बाई! इच्चू राह्यते त्याच्यात."

तिने हात काढला. बोटांना कोरडी, पिठासारखी माती लागली होती. एप्रिलचं ऊन मागच्या पडक्या खोलीतून थेट स्वयंपाकघरात आलं होतं, कारण मध्ये अडवायला भिंतच नव्हती. ती मागच्या पावसाळ्यात पडली होती. तिच्यावरची टिनं एका बाजूने लोंबत होती आणि वारा आला की कुरकुरत होती. स्वयंपाकघरातली फरशी मधोमध फुगली होती. पुढच्या खोलीच्या दाराची चौकट अशी तिरपी झाली होती की दार ना पूर्ण उघडत होतं, ना लागत होतं.

"मिस्त्री, मला सरळ सांगा. हे घर दुरुस्त होईल का?"

धावजीने दुपट्ट्याने मान पुसली, वर पाहिलं, मग खाली पाहिलं. "होऊन जाईन."

"काय होऊन जाईल? उभं होऊन जाईल का आडवं?"

"तेच म्हणून राह्यलो ना बाई. माणसानं मनावर घेतलं का सारंच होऊन जाते."

सुनीतीने डोळे मिटून घेतले. दारव्ह्याला या घरासाठी तिची ही तिसरी खेप होती. पहिल्या खेपेला कुलपाची किल्लीच सापडली नाही आणि खिडकीच्या गजांतून डोकावून ती परत गेली. दुसऱ्या खेपेला घरमालक नेमसिंग राठोड ऐन वेळी शाळेच्या कुठल्याशा प्रशिक्षणाला गेला आणि मिस्त्री साळ्याच्या लग्नाला. यवतमाळच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या काउंटरवर बसून वीसेक वर्षं पुस्तकं देण्याघेण्यात ज्या किरकोळ रजा तिने कधी वापरल्या नव्हत्या, त्या आता या पडक्या घरापायी एकेक करून जात होत्या. आज मिस्त्री वेळेवर आला, तर त्याच्या तोंडून एक शब्द सरळ निघत नव्हता.

पर्समधला फोन वाजला. नागपूरहून पियूष, तिचा धाकटा भाऊ.

"कुठे आहेस?"

"दारव्ह्याला."

"पुन्हा? ताई, ते घर डोक्यातून काढ न बाप्पा. अजून बाबांचं वर्ष नाही झालं. वर्षाच्या आत कोणी नवं घर घेते का?"

"नवं कुठे आहे? फोटो पाहिले नाहीस का तू?"

"मी मजाक नाही करून राहिलो. राहणार कोण तिथे?"

"मी."

"नोकरी यवतमाळले अन् राहणार दारव्ह्याले. त्यापेक्षा इथे माझ्या बाजूला फ्लॅट घे. लिफ्ट आहे, पार्किंग आहे."

"मला गाडी चालवता येत नाही."

"तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं आहे," पियूष म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

निदान भिंत तर उभी असते, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ऐकायला पलीकडे कोणी नव्हतं.

तसं पाहिलं तर हे घर राजूरकरांचं कधीच नव्हतं. स्टेशनामागच्या कापसाच्या वावरात ले-आउट पडलं, तेव्हा फॉरेस्टात नोकरीला असलेल्या देवीलाल राठोडांनी तिथे हे चार खोल्यांचं घर बांधलं आणि सुनीतीचे बाबा, श्रीकृष्ण राजूरकर, बायको-मुलांसह तिथे किरायाने राहायला आले. सुनीती तेव्हा पाटी-दप्तराच्या वयाची होती. तिथून निघाले ते निवृत्तीनंतर, पियूषच्या शिक्षणासाठी यवतमाळला, तिथेही किरायानेच. आई त्या यवतमाळच्या घरातच वारली. बाबा गेल्या श्रावणात गेले. स्वतःच्या नावावर घर न होता माणूस जातो, त्यात काही विशेष नाही. पण घरं कशी बांधावीत याविषयी ज्याने जन्मभर मतं दिली, त्याला ते लागत असणार.

श्रीकृष्ण राजूरकर बांधकाम खात्याच्या उपविभागीय कार्यालयात कारकून होते. इंजिनीअर नव्हते. पण रस्ते, मोऱ्या, शाळाखोल्या, विश्रामगृहं यांची अंदाजपत्रकं त्यांनी सुवाच्य अक्षरात इतकी वर्षं उतरवून काढली होती, की सिमेंट-रेतीचं एकास सहाचं प्रमाण कुठे लागतं आणि एकास चारचं कुठे, हे ते झोपेतही सांगत. ती भाषा घरातही शिरली होती. आईच्या दुखण्याला ते 'विशेष दुरुस्ती' म्हणत आणि दिवाळीच्या फराळाला 'वार्षिक देखभाल'. खात्यातली सगळी दुरुस्तीची कामं मार्चमध्ये मंजूर होत आणि पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये उरकली जात. बाबांनीही घराला तोच नियम लावला होता. काळ्या जमिनीवरचं घर, उन्हाळा तापला की भिंतींना भेगा पडत. मे महिन्यात ऑफिसातून आल्यावर बाबा बनियनवर बसत, घमेल्यात सिमेंट आणि चाळलेली रेती कालवत आणि एकेक भेग आधी ब्रशने झाडून, पाणी मारून, मग थापीने दाबून दाबून भरत. सुनीतीकडे पाण्याचा डबा धरायचं काम असे. "खोलवर गेलं पाहिजे," ते म्हणत. "वरवर लिंपलं तर ती फसवणूक झाली." पोकळी म्हणून कुठे राहू द्यायचे नाहीत. जूनमध्ये पहिलं आभाळ आलं की ते भिंतींकडे असे पाहत, जसं काही परीक्षेचा पेपर लिहून झाला आहे.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यांना दिवसाचं भान राहिलं नव्हतं. बाहेर पाऊस लागला होता आणि ते तिला विचारत होते, "मे लागला का? सिमेंट आणून ठेवलं का? दारव्ह्याच्या घराचं मागचं राहून गेलं." ती म्हणाली होती, "आणलं, बाबा." त्यावर ते शांत झाले होते. बाबा गेल्यावर नेमसिंग त्याच्या आईला घेऊन भेटायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, की घराची मागची भिंत पडली, आता ते विकूनच टाकायचं आहे. त्या दिवसापासून ही गोष्ट सुनीतीच्या मनात रुतून बसली. मागचं राहून गेलं होतं. ते ती करणार होती. पैशाचं जमत होतं. जमत नव्हतं ते फक्त माणसांचं.

"मिस्त्री, इकडे या," ती म्हणाली. "हे पाहिलं का?"

मागच्या खोलीची उरलेली भिंत विटांचे दात विचकून उभी होती. तिच्यात जागोजागी सिमेंटचे पट्टे होते, कुठे मनगटाएवढे, कुठे बोटाएवढे, वळत वळत वर गेलेले. विटा त्यांच्या दोन्ही बाजूंनी फुटल्या होत्या, पण पट्टे अखंड होते. एका ठिकाणी तर वीट पूर्ण गळून गेली होती आणि पट्टा एकटाच वाळलेल्या वेलासारखा उभा होता.

"हे माझ्या बाबांनी भरलेलं आहे. किती वर्षं झाली असतील! बाकी सगळं पडलं, पण त्यांचं काम हललं नाही."

धावजीने पट्ट्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं. मग बाजूच्या फुटलेल्या विटेवरून अंगठा फिरवला.

"व्हय," तो म्हणाला. "ते नाई हललं."

कित्येक महिन्यांनी सुनीतीला छातीत थोडं बरं वाटलं.

तेवढ्यात फाटकापाशी ऑटो थांबला. नेमसिंग उतरला आणि त्याने आईला हात धरून उतरवलं. नेमसिंग हायस्कूलवर शिक्षक. पन्नाशीतला, बोलायला मऊ. रामीबाई ऐंशीच्या घरातल्या, कपाळावर हिरवं गोंदण, हातात काठी.

"बाप्पा, सुनी! किती वाळली व माय," रामीबाई म्हणाल्या. "जेवत नाई का?"

"जेवते काकू. तुम्ही उन्हात कशाला आलात?"

"मी म्हटलं घरीच राह्य, तं ऐकते का याडी," नेमसिंग म्हणाला. आईला तो याडी म्हणे. लहानपणी सुनीतीही त्याचं पाहून म्हणायची. "ताई, मी काय म्हणतो, आपल्याले काही घाई नाही. तुम्ही आरामात पाहा. फक्त बारा वाजता तो गाळेवाला येणार आहे."

"म्हणजे घाई आहे."

"घाई म्हणजे... त्याले जागा पाहिजे. तो पाडून दुकानाचे गाळे काढणार आहे. तुमचा शब्द आधीचा आहे, म्हणून मी त्याले थांबवून ठेवलं. पण तुम्ही तीनदा येऊन गेल्या, अजून बयाना नाही, 'हो' नाही, 'नाही' नाही."

"पहिल्यांदा आले तेव्हा किल्ली कोणाकडे होती, भाऊ? दुसऱ्यांदा आले तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"ते बरोबर आहे. पण ताई, या घरात तुम्ही घ्याल तरी काय? मिस्त्री, तुम्हीच सांगा."

"होऊन जाईन," मिस्त्री म्हणाला.

सुनीतीच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. आठ महिने ती सगळ्यांशी नीट वागत आली होती. भेटायला येणाऱ्यांना चहा देत होती, पियूषच्या लिफ्ट-पार्किंगला उत्तरं देत होती, कॉलेजात 'वय झालं होतं ना' म्हणणाऱ्यांना मान हलवून हो म्हणत होती. आता तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटावा असा चढला.

"काय घेईन म्हणजे? आम्ही होतो तोवर कसं होतं हे घर! एक भेग दिसायची नाही. माझे बाबा दर उन्हाळ्यात स्वतःच्या हाताने भरायचे, किरायाच्या घराला, स्वतःच्या पदरचं सिमेंट आणून. आम्ही गेल्यावर तुम्ही काय केलं? एकदा तरी थापी लावली का भिंतीला? त्यांनी सांभाळलं ते तुम्ही पाडलं, अन् आता मला विचारता घेऊन काय करता!"

नेमसिंगचा चेहरा लाल झाला. "आम्ही पाडलं?"

"नाही तर कोणी?"

"काकांनीच पाडलं ताई! दर उन्हाळ्यात सिमेंट भरू भरू त्यांनीच पाडलं हे घर!"

रामीबाई आपल्या बोलीत मुलावर ओरडल्या. काय म्हणाल्या ते सुनीतीला कळलं नाही, पण त्यांनी काठी जमिनीवर आपटली एवढं दिसलं. नेमसिंगने तोंड फिरवलं. टिन कुरकुरलं. धावजी मिस्त्री उगाच चपलेने माती उकरू लागला.

"काय म्हणालात?" सुनीतीने विचारलं.

"काही नाही. रागात निघून गेलं तोंडातून."

"खोटं निघालं का?"

नेमसिंग खाली पाहत राहिला. "नाही," तो म्हणाला.

मग तोच सावकाश, वर्गात सांगावं तसं सांगू लागला. उन्हाळ्यात काळी जमीन आकसते, तशी भिंत उलते. पाऊस पडला की जमीन फुगते आणि पोळ्यापर्यंत भेग आपली आपण मिटते. पण भेगेत आधीच सिमेंट ठासलं असलं, तर भिंतीने मिटायचं कुठे? मग ती बाजूला सरकते, दुसरीकडे फुटते. पुढच्या उन्हाळ्यात तिथे भेग, तिथे सिमेंट. दर वर्षी घर थोडं थोडं ढकललं गेलं होतं. "शेजारचं पाहा," तो म्हणाला. "एकाच वर्षी बांधलं, एकाच भट्टीच्या विटा."

सुनीतीने पाहिलं. तारेच्या कुंपणापलीकडे तसंच घर होतं. भिंतीला वरपासून खालपर्यंत भेगा, इतक्या रुंद की एकीत कोणीतरी केरसुणी खोचून ठेवली होती. अंगणात एक बाई खाटेवर कुरड्या घालत होती. घर उभं होतं. घरात माणसं राहत होती.

ती मागे वळली. भिंतीतले पट्टे तसेच होते, जागच्या जागी, ताठ. खोलवर गेलं पाहिजे. पोकळी राहता कामा नये.

"मिस्त्री, तुम्हाला माहीत होतं?"

"आता बाई, पाह्यल्यावर दिसतेच ना," धावजी म्हणाला. "पण तुमी म्हणल्या बाबांचं काम हाय. मंग मी काय बोलू?"

तिला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाच कळेना. ती रामीबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "काकू, इतकी वर्षं! कोणी एका शब्दाने सांगितलं नाही त्यांना?"

"सांगतलं व एकडाव. मालकानं सांगतलं. बाबू, राहू द्या, बरसातीत आपोआप मिटते. तं तुहे बाबा म्हणे..."

"देवीलालजी, झाडाचं तुम्हाला कळतं, भिंतीचं आम्हाला," सुनीती म्हणाली.

हे वाक्य तिला पाठ होतं. त्यांच्या घरात तो विनोद होता. पाहुणे आले की बाबा सांगत आणि आई हसे, पियूष हसे, तीही हसे.

"तेच," रामीबाई म्हणाल्या. "मालक हासत हासत घरी आले. मले म्हणे, तो माणूस आपलं घर समजून जीव लावून राह्यला, त्याले कायले तोडाचं? पुढं शेजारचं अन् आपलं पाहून समजलं सारं, पण तवा तं लय वर्षं झाली होती. मंग कोन्या तोंडानं सांगाव? मी दरसाल चहा घेऊन येत होती. बाबू इचारे, कसं झालं रामीबाई? मी म्हणो, मस्त झालं."

"पण तुमचं घर होतं ते!"

"घर काय व, पडतेच एक दिवस. सांगतलं अस्तं तं बाबूचं तोंड एवढंसं झालं अस्तं." त्यांनी बोटाचं पेर दाखवलं.

सुनीतीला भांडायचं होतं. आठ महिन्यांचा राग गळ्याशी आला होता आणि तो कोणावर काढावा, असं समोर कोणीच नव्हतं. या बाईवर नाही. जे खरं होतं तेच बोलून गेलेल्या नेमसिंगवर नाही. मेलेल्या माणसावर रागावता येतं, असं तिने पुस्तकांतून वाचलं होतं. पण घमेल्यापुढे बनियनवर बसलेल्या, डोळ्यांत गेलेली रेती खांद्याला पुसणाऱ्या माणसावर कसं रागवायचं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"बाई, मी एक सांगू का?" धावजी म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा तो सरळ बोलला. "हे सारं पाडा. खाली मुरूम लागेपर्यंत जा, कॉलम घ्या, अन् वर नवं बांधा. काळ्या जमिनीत त्याच्याशिवाय इलाज नाई. दुरुस्ती करान तं पुन्हा तेच होईन."

"आणि या भिंती?"

"ह्या कायले ठेवता? मलबा होईन हा, भरावात टाकू."

ती पुढच्या खोलीत गेली. तिरप्या चौकटीतून जाताना खांदा लागला. इथे पियूषचा पाळणा होता, तिथे आईचा पलंग. कॉलम घेऊन नवं घर बांधायचं, तर ते दारव्ह्यालाच कशाला? यवतमाळला बांधता येईल, नागपूरला फ्लॅट घेता येईल. तिला प्लॉट नको होता. तिला बाबांचं राहिलेलं काम पुरं करायचं होतं, आणि ते काम पुरं करायचं म्हणजे उरलेली भिंतही पाडायची. ते तिच्याने झालं नसतं. कोणी दुसऱ्याने केलेलं चालेल का, याचा विचार करत ती बराच वेळ तिथे उभी राहिली. बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. गाळेवाला वेळेच्या आधीच आला होता. फाटकातूनच त्याने नजरेने जागेची लांबी-रुंदी मोजायला सुरुवात केली.

सुनीती बाहेर आली.

"त्यांना द्या, नेमसिंगभाऊ."

"ताई, माझ्या बोलण्यावर जाऊ नका. तुम्हाले पाहिजे असंन तं मी त्याले आताच..."

"नाही. द्या त्यांना. फक्त मागची भिंत पाडतील त्या दिवशी मला कळवू नका."

नेमसिंगने मान हलवली.

रामीबाईंनी जेवायला चलण्याचा आग्रह केला. भाकरी टाकते, दोन घास खा, म्हणाल्या. सुनीती नको म्हणाली. मग जाता जाता तिने वाकून त्यांना नमस्कार केला. रामीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही.

दारव्ह्याच्या स्टँडवर काळी-पिवळी जीप लागलेली होती. सीटा भरल्याशिवाय ड्रायव्हर हलणार नव्हता. आत बसून घाम पुसत असताना पियूषचा पुन्हा फोन आला.

"बयाना दिला का?"

"नाही घेतलं घर."

"खरंच? चला, सुटलो." मग जरा थांबून तो हळू आवाजात म्हणाला, "नाराज नाहीस ना? मिस्त्री नाही म्हणाला का?"

"काळी जमीन आहे. तिथे घर टिकत नाही."

"मग आपण होतो तेव्हा कसं टिकलं?"

तिने खिडकीकडे सरकून जागा केली. बाजूला एक बाई मांडीवर कोंबडीची टोपली घेऊन बसली आणि जीप हलली.

"मी सांगतो कसं टिकलं," पियूषच म्हणाला. त्याचा आवाज किंचित भरून आला होता. अंत्यविधीच्या दिवशीही तो असा भरला नव्हता. "बाबा होते म्हणून टिकलं. आठवते का, दर मे महिन्यात कसे मागे लागायचे त्या भिंतींच्या? मिस्त्रींना काय समजते! बाबांना कळायचं न त्यातलं... हॅलो? ताई, ऐकू येते का?"

"येतंय," सुनीती म्हणाली. "हो. बाबांना कळायचं त्यातलं."